ऑन्नी लांपी यांचा फ्लोरिडा मुक्काम

नोव्हेंबरच्या बावीस तारखेला ऑन्नी लांपी यांनी आपल्या पिकअपच्या तोंडाला बर्फ सारायचा नांगर जोडला. जोडताना त्यांनी तीन शिव्या घातल्या. दोन फिनिश भाषेत, म्हणजे यंत्रासाठी, आणि एक सर्वांना समजेल अशी, म्हणजे हवामानखात्यासाठी. मग कमरेला हात लावून ते सरळ झाले, सरोवराकडच्या आभाळाकडे एकदा पाहिलं आणि हातोडा घेऊन घराच्या वाटेच्या कडेने खुंट्या ठोकायला निघाले. जमीन गोठायच्या आत हे काम उरकावं लागतं. एकदा बर्फ पडला की वाट कुठे, गवत कुठे आणि चर कुठे, हे फक्त खुंट्यांनाच ठाऊक असतं.

“डॉरीन, खुंट्या धरायला ये गं,” त्यांनी दारातून हाक मारली.

त्यांची मुलगी डॉरीन सुगीच्या सणासाठी चार दिवस आली होती. वय चोपन्न, दक्षिणेकडच्या एका शहरात ग्रंथपाल, आणि त्या क्षणी एका जाड कादंबरीच्या दोनशे अकराव्या पानावर.

“एवढं पान संपवते, बाबा.”

“पान की पुस्तक?”

“पान.”

पान म्हणता म्हणता अख्खं प्रकरण झालं. ती बाहेर आली तेव्हा दोनशे फूट वाटेची डावी बाजू ठोकून झाली होती आणि अंधारून यायला लागलं होतं. “उजवी उद्या,” ऑन्नी म्हणाले. मग ते आत आले, दोन वाडगे सूप प्याले, वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून खाल्ला, खुर्चीत बसल्या बसल्या घोरले, आणि आपण घोरलोच नाही असं आइलीला, म्हणजे बायकोला, शपथेवर सांगितलं. त्या दिवसात याहून लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. डॉरीनने पुढे तो दिवस कितीतरी वेळा उलटापालटा करून झटकून पाहिला, पण त्यातून दुसरं काही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ऑन्नी दाराजवळच्या बाकावर बसलेले सापडले. एका पायात बूट होता.

“ग्लेन,” आइलीने ॲरिझोनातल्या मुलाला फोन लावला, “तुझा बाप मेला. बूट घालत होता.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. “नाही,” ती म्हणाली, “एकच घालून झाला होता.”

आइली लांपी ही अशी बाई. खाणकामगाराची मुलगी. मेला त्याला मेला म्हणायचं आणि कॉफी चुलीवर ठेवायची. डॉरीनचं तसं नव्हतं. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला एका गोष्टीसाठी चाळीस शब्द सुचतात, आणि त्या गर्दीत एखादा मागे राहिला तर कुणाच्या लक्षात येत नाही. वर्तमानपत्रातला मजकूर तिनेच लिहिला. त्यात ‘शांतपणे निरोप घेतला’ असं होतं.

“निरोप कसला घेतला?” आइली चष्मा लावून म्हणाली. “निरोपबिरोप काही घेतला नाही. काही बोलायच्या आत मेला.”

दोघींचं एकमत होईना. शेवटी ‘ऑन्नी लांपी, ८१’ एवढंच छापून आलं, जणू एखाद्या परीक्षेत ते एक्याऐंशी गुण मिळवून बसले होते.

प्रार्थना झाली, पेस्ट्या, म्हणजे खिमा-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, आणि कॉफी झाली, पण दफन झालं नाही. थंडीत इथली जमीन कुणाला आत घेत नाही. हिवाळ्यात असं काही झालं की माणसाला कबरस्तानाच्या दगडी कोठीत ठेवतात आणि मे महिन्यात जमीन नरम पडली की पुढचं बघतात. आइलीने भिंतीवरच्या कॅलेंडरात मेच्या सोळा तारखेला गोल केला आणि आत लिहिलं, ‘ऑन्नी. दहा वाजता.’

प्रश्न उरला तो आइलीचा. ग्लेन म्हणाला, मी आईला घेऊन जातो. आइली म्हणाली, “ॲरिझोनात काय आहे? वाळू? वाळू घेऊन मी काय करू?” ग्लेन बहिणीला बाजूला घेऊन गेला.

“डॉरीन, तिला इथं ठेवायचं तर वाट कोण साफ करणार?”

“मी. रजा टाकते हिवाळाभर. बाबांची गाडी आहे, नांगर जोडलेला आहे.”

“तू? तू साधी गाडी लावताना माणसांना खाली उतरवून मागे उभं करतेस.”

“ते सावधपणाचं लक्षण आहे.”

“बरं. मग आपलं ठरलं,” ग्लेन म्हणाला. “घर गॅसवर तापतं. टाकी घराच्या मागं. गॅसची गाडी जोवर मागपर्यंत जातेय तोवर आई इथं. एकदा जरी गॅसविना घर थंड पडलं, तर मी विमानाची तिकिटं घेऊन येतो आणि मग तू एक शब्द बोलायचा नाहीस. कबूल?”

“कबूल,” डॉरीन म्हणाली. एक शब्द न बोलणं तिला जड नव्हतं.

पहिला बर्फ महिनाअखेरीला पडला, गुडघाभर. त्याच्या आदल्या दिवशी डॉरीनने नांगराची माहितीपुस्तिका दोनदा वाचली, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आणि एक मुद्रणदोष दुरुस्त केला. दांडी पुढे केली की पातं खाली, मागे ओढली की वर, डावीउजवीकडे केली की तिरपं. यात न समजण्यासारखं काय आहे? नांगर हे तरी नुसतं नाव. यात पेरायचं काही नसतं, पडलेलंच बाजूला करायचं असतं. गाडीच्या मागच्या हौद्यात तिला वाळूची आठ पोती दिसली. वर्षानुवर्षं तशीच पडून असावीत. जुन्या माणसांना सामान हलवायचा कंटाळा असतो, हे तिने समजून घेतलं आणि एक तास खपून सगळी पोती गॅरेजमध्ये नीट रचून ठेवली.

मग ती गाडीत बसली, पातं खाली टाकलं आणि पाय दाबला. मागची चाकं गरगरा फिरली. गाडी जागच्या जागी थरथरली, मग हळूच डावीकडे वळली, मग आणखी वळली, आणि ज्या घरातून आपण निघालो त्याच घराकडे तोंड करून उभी राहिली.

समोरच्या घरातून ट्रेझोनाकाका रस्ता ओलांडून आले. वय अठ्ठ्याहत्तर, छातीत यंत्र बसवलेलं, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना फावडं धरायला मनाई केली होती. सल्ल्यावर बंदी घालायचं डॉक्टरांना सुचलं नव्हतं.

“मी काही बोलत नाही,” ते म्हणाले. त्यांचं प्रत्येक भाषण या वाक्याने सुरू व्हायचं आणि पाव तासाच्या आत कधी संपायचं नाही. “मी फक्त विचारतो. पोती कुठं गेली?”

“गॅरेजमध्ये. उगीच ओझं होतं मागं.”

ट्रेझोनाकाकांनी टोपी काढली. प्रार्थनेच्या दिवशीही त्यांनी ती इतक्या गंभीरपणे काढली नव्हती. “पोरी, त्या ओझ्यावर तर गाडी चालते. मागं वजन नको का? तुझा बाप काय ती वाळू हौसेनं फिरवत होता?”

डॉरीनने आठही पोती परत आणली. प्रत्येक पोत्यामागे ट्रेझोनाकाकांनी एक सूचना केली. त्यातली पाचव्या पोत्याची सूचना तिने ऐकायला हवी होती.

“पहिला बर्फ लांब ढकल. पार तिकडं, त्या बर्चच्या झाडांपर्यंत. आत्ता मऊ आहे, जातो. कडेला सारून ठेवलास तर तो तिथंच बसतो, गोठतो. मग दुसरा येऊन त्याच्या मांडीवर बसतो, तिसरा दुसऱ्याच्या. फेब्रुवारीत बघ, वाट राहते का बोळ.”

“जमतंय, काका.”

“माझ्या पुतण्याला सांगू का? अर्ध्या तासात करून जाईल.”

“जमतंय.”

‘जमतंय’ हा लांपी घराण्याचा शब्द. ऑन्नी लांपी यांच्या पायावर एकदा ओंडका पडला होता, तेव्हाही ते हेच म्हणाले होते. डॉरीनने बर्फ कडेला सारला. वाट स्वच्छ आणि देखणी दिसली. तिने घरात येऊन आईला खिडकीतून दाखवली.

“छान,” आइली म्हणाली. “आणि तो जो काळा पट्टा दिसतोय, ते माझं गवत का?”

ते गवत होतं. उजव्या बाजूला खुंट्या नव्हत्या. वाट कुठे संपते याचा डॉरीनने मनाने अंदाज घेतला होता, आणि तिचं मन उदार होतं. डिसेंबरभर उजव्या बाजूला वाटेने तिला सतत फसवलं. आधी गवत गेलं, मग रानगुलाबाची जाळी गेली, आणि नाताळच्या आधी एका सोमवारी रस्त्याच्या तोंडाशी असलेली टपालपेटी, खांबासकट, बर्फाच्या ढिगाऱ्यातून शांतपणे पंधरा फूट पुढे सरकली.

टपालपेटी हा या देशात पोरखेळ नाही. पेटी घराची, पण अधिकार सरकारचा. डॉरीनने खांब दुधाच्या जुन्या कॅनमध्ये उभा केला आणि त्यात पाणी ओतलं. थंडीने रात्रीत त्याचं सिमेंट केलं. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी पेटीत चिठ्ठी आली. ‘श्री. ऑन्नी लांपी यांस. आपल्या पेटीची उंची नियमापेक्षा पाच इंच जास्त आहे. सुधारणा न झाल्यास टपाल बंद करण्यात येईल.’ तिने खांबाचा खालचा भाग करवतीने कापला. चौथ्या दिवशी दुसरी चिठ्ठी आली. ‘श्री. ऑन्नी लांपी यांस. आपल्या पेटीची उंची नियमापेक्षा दोन इंच कमी आहे.’

“ऑन्नीला एवढी पत्रं जन्मात कधी आली नव्हती,” आइली म्हणाली.

मग बांधाचं प्रकरण उद्भवलं. रस्तेखात्याचा मोठा नांगर सकाळी रस्त्यावरून जातो आणि जाता जाता प्रत्येक घराच्या तोंडाशी बर्फाचा एक बांध टाकून जातो. आपण वाट उघडायची, खात्याने बंद करायची, असा हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. बांध फोडून बर्फ बाजूला न्यायचा तर गाडी तिरपी घालावी लागते, मागे घ्यावी लागते, पुन्हा घालावी लागते. डॉरीनला एक सोपी युक्ती सापडली. पातं सरळ ठेवायचं आणि सरळ पुढे जायचं. बांध रस्ता ओलांडून पलीकडे जातो. पलीकडे काय आहे याचा विचार तिने केला नव्हता. पलीकडे ट्रेझोनाकाकांचं फाटक होतं.

ते बाहेर आले. ढिगाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “मी काही बोलत नाही,” ते म्हणाले, आणि खरोखरच काही बोलले नाहीत.

तक्रार त्यांनी केली नसावी. बर्फ रस्त्यापलीकडे ढकलणं हा इथे गुन्हा आहे आणि मोठ्या नांगरावरच्या माणसाला डोळे असतात. दोन दिवसांनी रस्तेखात्यातून फोन आला.

“ऑन्नी लांपींशी बोलायचं होतं.”

“ते आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत,” डॉरीन म्हणाली.

“कामात आहेत का?”

“नाही. पडून आहेत.”

“अरेरे. बरं नाहीये का त्यांना?”

“आता त्रास काही नाही.”

“ते एक बरं झालं. त्यांना म्हणावं, चाळीस वर्षांत तुमच्याबद्दल एक तक्रार नाही, आणि या वयात हे काय सुरू केलंत? हा फोन म्हणजे ताकीद समजा. पुढच्या वेळी दंड होईल.”

“सांगते,” डॉरीन म्हणाली.

आइली टेबलाशी बसून लोकर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. “कुणाला सांगणार आहेस?”

डॉरीनने कोट चढवला आणि काकांच्या फाटकातला बर्फ फावड्याने काढायला गेली. चार तास लागले. काका खिडकीत बसून हातवारे करत होते. शेवटी त्यांनी काच वर सरकवली आणि फावडं कसं धरावं यावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

एवढं होऊनही वाट उघडी होती. टाकीवरचा काटा तीस टक्क्यांवर आला तसा डॉरीनने गॅसकंपनीला फोन लावला. हा फोन कुठल्या तरी दूरच्या राज्यातली, आवाजावरून विशीतली वाटणारी मुलगी उचलायची.

“खातं श्री. ऑन्नी लांपी यांच्या नावावर आहे, मॅडम. खातेदाराशीच बोलावं लागेल.”

“ते घरी नाहीत.”

“कधी परत येतील?”

डॉरीनला खोटं बोलता येत नसे. तिने कॅलेंडराकडे पाहिलं. “मे महिन्यापर्यंत ते तिकडेच आहेत,” ती म्हणाली.

“अच्छा! फ्लोरिडा?”

इथली निम्मी म्हातारी माणसं नाताळ झाला की पाखरांसारखी फ्लोरिडाला उडतात आणि बर्फ वितळला की परततात. तेव्हा त्या मुलीचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढचं. डॉरीन गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. याच्या नेमकं उलटही वाचलं होतं, पण ते तिला त्या वेळी आठवलं नाही.

“तिकडे हवा मस्त असेल ना?” मुलगी आपुलकीने म्हणाली.

“थंड आहे.”

“यंदा सगळीकडे विचित्रच आहे. काही काळजी करू नका मॅडम, मी तशी नोंद करून ठेवते.”

नोंद झाली म्हणजे काम झालं, अशी डॉरीनची समजूत. ती ग्रंथपाल होती. तिने निश्चिंतपणे फोन ठेवला, आणि त्या रात्री पहिल्यांदा तिला झोप लागली. ऑन्नी लांपी कुठेतरी उन्हात बसले आहेत, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा आहे, पायात काहीच नाही, ही कल्पना वाईट नव्हती.

जानेवारी सरत आला. काटा वीसवर आला, बारावर आला, आठवर आला. गॅसची गाडी आली नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी काटा पाचवर असताना डॉरीनने पुन्हा फोन केला.

“इथं नोंद आहे, मॅडम,” तीच मुलगी म्हणाली. “घर हिवाळ्यासाठी बंद. मालक फ्लोरिडात. पुरवठा मे महिन्यापासून सुरू.”

“पण घर बंद नाही! मी आहे इथं, माझी आई आहे.”

“मग मालकांनी फोन करून नोंद बदलायला हवी.”

“ते फोन करू शकत नाहीत.”

“फ्लोरिडात फोन आहेत, मॅडम.”

डॉरीनचे चाळीस शब्द ओठांच्या दाराशी येऊन गर्दी करून उभे राहिले आणि एकही बाहेर पडेना. आइलीने उठून तिच्या हातातून फोन घेतला, त्यावर पंजा ठेवला आणि लेकीकडे पाहिलं.

“मी सांगू?”

डॉरीनने मान हलवली. नाही.

आइलीने फोन कानाला लावला. “मी आइली लांपी. ऑन्नीची बायको. माझं वय ऐंशी, बाहेर शून्याखाली वीस, आणि टाकीत पाच टक्के. हे तिन्ही आकडे लिहून घे, आणि खाली तुझं नाव लिही.”

गाडी गुरुवारी येणार असं ठरलं.

आता वाट. डॉरीन बाहेर जाऊन उभी राहिली आणि गेल्या अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिने वाटेकडे नीट पाहिलं. पहिला बर्फ तिने कडेला सारला होता. दुसरा त्याच्या मांडीवर बसला होता, तिसरा दुसऱ्याच्या. दोन्ही बाजूंना तिच्या डोक्याइतक्या उंच भिंती उभ्या होत्या, दगडासारख्या, आणि दर वेळी थोड्या थोड्या आत सरकत आल्या होत्या.

ट्रेझोनाकाकांनी डोळा बारीक करून माप घेतलं. “साडेआठ फूट. गॅसची गाडी आरशांसकट दहा. मी काही बोलत नाही.”

“काका,” डॉरीन म्हणाली, “बोला.”

ते लगेच रस्त्यावर, सगळं नीट दिसेल अशा जागी, जाऊन उभे राहिले.

मंगळवार आणि बुधवार डॉरीनने भिंतींशी झुंज घेतली. पहिल्या धडकेला भिंत हलली नाही, तिचे दात मात्र हलले. दुसऱ्या धडकेला गाडी भिंतीवर चढली आणि पोट टेकून अधांतरी लटकली, पुढची दोन्ही चाकं हवेत. आइली नवऱ्याचा मोठा कोट घालून, घराजवळच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीतली राख बादलीत घेऊन, काठी टेकत बाहेर आली आणि मागच्या चाकांखाली मूठमूठ राख टाकू लागली.

“आई, आत जा, पडशील!”

“मी पडले तर निदान जमिनीवर पडेन. तुझं काय?”

“पोरी, धडका मारू नकोस!” काका रस्त्यावरून ओरडले. “ती काय वैरीण आहे? पाव कापतात तसं काप. पात्याचा कोपरा लाव, चार बोटांचा काप काढ, मागे हो. मग दुसरा काप. घाई केलीस की पाव चुरतो.”

राखेवर गाडी मागे आली. डॉरीनने कोपरा लावला. चार बोटांचा काप निघाला. ती मागे झाली. बुधवारी संध्याकाळी वाट साडेदहा फूट झाली होती, घराच्या कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत. वळण तेवढं राहिलं.

गुरुवारी अकरा वाजता ड्वेन आला. गॅसच्या गाडीवर वीस वर्षं तोच होता. पन्नाशीचा, रुंद, राहायला साठ मैलांवर, त्यामुळे इकडच्या बातम्या त्याच्यापर्यंत पोचत नसत. उतरून तो वाटेकडे बघत राहिला.

“ही काय वाट आहे? साप चालवत होता का गाडी?”

“मी चालवत होते,” डॉरीन म्हणाली.

त्याने आणखी काही विचारलं नाही. गाडी उलटी आत घेतली, दोन्हीकडच्या भिंतींना आरसे घासत घासत वळणापर्यंत आणली आणि थांबवली. मग नळी ओढत घराच्या मागे गेला. नळी ताणली, पुन्हा ताणली. टाकी दहा फूट लांब राहिली.

“नाही पोचत,” तो म्हणाला. “वळण मोकळं असतं तर गाडी आणखी मागे आली असती. आता पुढच्या आठवड्यात बघू.”

पुढच्या आठवड्यापर्यंत टाकीत काही उरलं नसतं. डॉरीनने पिकअपच्या चाव्या हातात घेतल्या. “मला वेळ दे थोडा.”

“मला अजून नऊ घरं आहेत, बाई.”

मागचं दार उघडलं. आइली हातात कप घेऊन उभी होती. “ड्वेन, कॉफी.”

“मावशी, वेळ नाही हो.”

“वेलदोड्याचा पाव आहे. आत्ता काढलाय.”

ड्वेनने पावाकडे पाहिलं. “कॉफी संपेपर्यंत,” तो डॉरीनला म्हणाला. “त्याच्या पुढं नाही.”

त्याने गाडी रस्त्यापर्यंत पुढे घेतली आणि डॉरीनने पिकअप वळणावर आणली. कोपरा लावला. एक काप. मागे. दुसरा काप. पायरीवर आइली कॉफी ओतत होती आणि कप भरायच्या आत दूध विचारत होती, दूध घालायच्या आत साखर विचारत होती.

“ऑन्नी कसाय तिकडं फ्लोरिडात?” कंपनीची नोंद वाचून आलेला ड्वेन भरल्या तोंडाने म्हणाला.

“डॉरीनला विचार,” आइली म्हणाली. “अजून एक काप घे. हा मधला आहे, मऊ असतो.”

अकराव्या कापाला सौनाच्या पायऱ्यांपैकी सर्वांत खालची निघून आली. डॉरीनने थांबून बघितलं नाही. बाविसाव्या कापाला ट्रेझोनाकाकांनी ‘बस’ म्हणून दोन्ही हात वर केले. ड्वेनचा कप तिसऱ्यांदा भरलेला होता.

गाडी दहा फूट जास्त मागे आली. नळी टाकीला लागली. आतून गॅस वाहण्याचा आवाज सुरू झाला आणि काटा हलला. दहा. तीस. पन्नास. डॉरीन टाकीजवळ उभी राहून काट्याकडे बघत होती. ऐंशीवर तो थांबला. आता एप्रिलपर्यंत ॲरिझोनातून कुणी तिकिटं घेऊन येणार नव्हतं. घरात आइलीने भिंतीवरची कळ फिरवली असावी, कारण जमिनीखालची भट्टी पेटल्याचा धप्प आवाज बाहेर ऐकू आला.

ड्वेनने नळी गुंडाळली आणि कागदाची पाटी तिच्यापुढे धरली. वर ठळक अक्षरांत ‘ऑन्नी लांपी’ छापलेलं होतं.

“इथं सही कर. त्याच्या वतीनं म्हणून.” तो हातमोजे काढत हसला. “आणि म्हाताऱ्याला माझा निरोप सांग. म्हणावं, वीस वर्षं तुझ्या वाटेवर मी डोळे मिटून गाडी मागे घेत आलो. आणि यंदा तू तिकडं वाळूत पाय पसरून बसलास? बायको-पोरीला बर्फात टाकून? थोडी लाज वाटते का, विचार त्याला.”

‘सांगते’ हा शब्द डॉरीनच्या जिभेवर तयार होता. हिवाळाभर तो तिने वापरला होता आणि त्याने कधी दगा दिला नव्हता. तिने पेन कागदावर टेकवलं. थंडीने शाई उतरेना. तिने पेन हातात चोळलं, पुन्हा टेकवलं, आणि मग उचललं. ऑन्नी लांपींना लोक पेटीच्या उंचीवरून बोलले होते, बांधावरून बोलले होते, ते सगळं तिने त्यांच्या वतीने ऐकून घेतलं होतं. त्यात तिला काही वाटलं नव्हतं, चुका तिच्याच होत्या. पण हे तसं नव्हतं.

“त्यांनी आम्हाला टाकलं नाही, ड्वेन,” ती म्हणाली. “बाबा मेले.”